शरभ वरडतो कसा?

आमच्या गावाचं नाव धाड. बुलढाणा जिल्ह्याच्या टोकाला, पलीकडे लगेच मराठवाडा. नवीन माणसाला नाव सांगितलं की तो आधी हसतो. मुलांना मात्र आपल्या गावाच्या नावाचं भारी कौतुक. दार आपटलं की धाड, वीज कडाडली की धाड, कुणी बाकावरून पडलं तरी धाड! आवाजाचंच नाव असलेलं गाव. इथं 'प्राण्यांचे आवाज' शिकवणं म्हणजे काय अवघड, असं मला वाटायचं.

आपण सगळेच तो तक्ता शिकवतो. गाईचे हंबरणे, घोड्याचे खिंकाळणे, हत्तीचे चित्कारणे, वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना, मोराचा केकारव, कोल्ह्याची कोल्हेकुई. मुलं एका सुरात म्हणतात, दोन दिवसांत पाठ. परीक्षेत जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, झालं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

एकदा चौथीच्या चाचणीत 'शेळी' या शब्दापुढं एका मुलीनं लिहिलं, 'हाक मारते'. मी लाल पेनानं फुली मारली आणि बाजूला 'बें बें' लिहिलं. ती पेपर घेऊन टेबलाशी आली.

"सर, बकरी बें बें करते ना, ते पिलू दूर असलं तर. जवळ असलं तर तोंड मिटूनच बोलते."

"पुस्तकात आहे तेच लिहायचं," मी म्हणालो. मागं आणखी तीस पेपर पडले होते.

ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिचा हात वर आला नाही. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, हीच खरी लाज वाटायची गोष्ट. पालकसभेत तिची आई म्हणाली, "घरी बकऱ्यांशी दिवसभर बोलते सर, शाळेत काहून बोलत नसंन?" तेव्हा मला तो पेपर आठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेळ्या परतायच्या वेळी मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. घर जवळ आलं तशा शेळ्या तोंड उघडून ओरडत होत्या आणि कोंडलेली पिलं आतून उत्तर देत होती. पिलं सुटली, आचळाला लागली आणि आवाज बदललाच. खोल, घशातल्या घशात, ओठ मिटलेले. मुलगी बरोबर होती. तिनं ऐकून लिहिलं होतं आणि मी न ऐकता तपासलं होतं.

आता वर्गात परत कसं जायचं? 'माझं चुकलं' एवढं म्हणून भागणार नव्हतं. ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही, असा प्रश्न मला हवा होता.

तो शरभानं दिला. शरभ तुम्ही पाहिला असेल. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दारांवर तो दगडात कोरलेला असतो. अंग सिंहासारखं, कुठं पंख, कुठं वेगळंच तोंड. पुराणांत तो सिंहापेक्षाही बलवान सांगितलेला. मुरुडच्या जंजिऱ्याच्या दरवाज्यावर तर त्यानं पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेत. त्याला कुणी वाघ म्हणतं, कुणी शरभ. मी त्याचं चित्र फळ्यावर लावलं आणि विचारलं, "हा वरडतो कसा?"

वर्ग क्षणभर गप्प. मग एक जण म्हणाला, "सर, उत्तर काय आहे?"

"मलेही माहीत नाही," मी म्हणालो. सरांना माहीत नाही म्हटल्यावर वर्गात जी जान आली, ती आजवर कुठल्या तक्त्यानं आली नव्हती!

दोन तास आम्ही शरभाच्या आवाजांची मार्गदर्शिका केली. ती अशी:

१. हंबरकाळी – सकाळी उठल्यावरचा आवाज. निम्मं हंबरणं, निम्मी डरकाळी. भूक लागली असेल तर डरकाळी जास्त.

२. म्म्मफ् – तोंडात हत्ती असताना. याच वेळी हत्तीही चित्कारतो, म्हणून दोन आवाज वेगळे करून ऐकावेत.

३. कर्रकर्र – फार वर्षं दगडात उभं राहिल्यावर मान वळवताना.

४. भुंकारव – अनोळखी माणूस दाराशी आला की. आधी कुत्र्यासारखं भुंकणं, माणूस पळाला की मोरासारखा केकारव.

५. फडफुस – पंख उघडताना फड, मिटताना फुस. हा आवाज तोंडाचा नाही, तरी मोजायचा.

६. धाड! – उडी मारून खाली उतरल्यावर. (हा आमच्या गावचा. बाकी गावांनी आपापला शोधावा.)

चौथ्या आवाजावर भांडण झालं. एकाचं म्हणणं, शरभ एवढा मोठा, तो भुंकेल कशाला? दुसरा म्हणाला, "दाराशी बसवला ना त्याले? मग राखणच करणार." याला म्हणतात कारण देऊन बोलणं. असं बोलायला मी निबंधात किती वेळा सांगितलं होतं!

घरी उर्दू बोलणारा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्यात बेडूक टर्र टर्र करतो." आमचा डराव डराव. बेडूक तोच, कान वेगळे. कोंबडा मराठीत कुकूचकू, हिंदीत कुकडूकू. म्हणजे शब्द प्राण्यानं दिलेला नसतो, ऐकणाऱ्यानं केलेला असतो. हंबरणं, खिंकाळणं हे शब्दही कधीतरी गोठ्यात, तबेल्यात उभं राहून कुणीतरी ऐकलेत, तेव्हा झालेत.

मग कुणीतरी विचारलं, "तक्त्यात अस्वल काहून नाही?" खरंच नव्हतं. सिंह होता, जो आपल्या महाराष्ट्राच्या जंगलात नाही. अस्वल मात्र आमच्याच जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात आहे. वारुळाला तोंड लावून ते वाळवी ओढून घेतं, तेव्हा फुंकरण्या-सुरकण्याचा मोठा आवाज होतो आणि तो लांबवर जातो. त्या आवाजासाठी तक्त्यात चौकट नव्हती. आम्ही हातानं आखली.

शेवटी मी म्हटलं, "शरभ आपल्या पिलाशी बोलतो तेव्हा?" मी कुणाकडंही बघितलं नाही. मागच्या बाकावरून आधी आवाजच आला. तोंड मिटून, घशातला, हलका. सगळा वर्ग वळला.

"याले काय म्हणायचं?" मी विचारलं.

"मिटकी हाक," ती म्हणाली.

सातव्या क्रमांकावर ते लिहिलं गेलं. मग तक्त्यात 'शेळी'पुढं 'बें बें' होतं, त्याच्या शेजारी मी 'पिलू जवळ असेल तर मिटकी हाक' असं लिहिलं. तो चाचणीचा पेपर कसा चुकीचा तपासला तेही वर्गाला सांगितलं, तिचं नाव न घेता. तिला कळलं.

शिक्षक मित्रहो, परीक्षेत 'हंबरणे' आणि 'खिंकाळणे' येणारच, ते शब्द मुलांना यायलाच हवेत. माझं म्हणणं एवढंच, की तक्ता आधी न देता शेवटी द्या. आधी मुलांना घरचा एक आवाज ऐकून यायला सांगा: गोठ्यातला, अंगणातला, नाहीतर भिंतीवरच्या पालीचा. तो वर्गात काढू द्या, त्याला नाव देऊ द्या. मग पुस्तकातला शब्द शेजारी ठेवा. आणि पालकांनो, मूल घरी विचित्र आवाज काढत असेल, तर "काय धाड भरली तुला?" म्हणण्याआधी एकदा विचारा, हा कुणाचा आवाज?

त्या दिवशी घंटा झाली, मुलं दप्तरं उचलून पळाली. ती मात्र दारात थांबली.

"सर, पण मग शरभाचं पिलू काय म्हणते?"

मी म्हणालो, "उद्या तूच सांग."