श्वासनलिकेतला फुगा आणि डिस्चार्ज कार्ड

मानेच्या पुढच्या बाजूस छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेल्या नळीला रुग्णालयात सर्रास ‘ट्रॅकी’ म्हटले जाते. या नळीच्या आतल्या टोकाजवळ तिच्याभोवती एक पातळ फुगा असतो, ज्याला वैद्यकीय भाषेत कफ म्हणतात; तो बाहेरून दिसत नसल्यामुळे घरी शुश्रूषा करणाऱ्यांना त्याचा पत्ताच अनेकदा नसतो. सिरिंजने हवा भरली की तो श्वासनलिकेच्या भिंतीला टेकतो, त्यामुळे व्हेंटिलेटरने ढकललेली हवा तोंडावाटे निसटून न जाता फुप्फुसांत पोहोचते आणि लाळही बऱ्याच अंशी वरच अडते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ पसरली असताना ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या पुढाकाराने अशाच फुग्याच्या नळीतून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास देण्यात आला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते काम निभावले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानली जाते. या फुग्याने असंख्य जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटल्यानंतरचा.

साकोली हे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचे तालुक्याचे गाव असून नागपूर तेथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तिथल्याच, प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या दुचाकीला महामार्गावर धडक बसली, नागपुरातील एका रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया झाली, मग व्हेंटिलेटर, ट्रॅकी, आणि स्वतःचा श्वास नीट चालू लागल्यावर घरी रवानगी झाली. अनेक कुटुंबांच्या वाट्याला हाच क्रम येतो, म्हणून त्यात निराळे सांगण्यासारखे काही नाही.

निराळे सांगण्यासारखे आहे ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर प्रत्येक गोळीची वेळ होती, नाकातील नळीतून द्यायच्या पातळ आहाराचे प्रमाण होते, फिजिओथेरपी होती, पुन्हा दाखवायला येण्याची तारीख होती. नळीविषयी ‘ट्रॅकी केअर’ एवढे दोनच शब्द होते. फुगा फुगवलेला आहे की रिकामा, त्यात किती दाब असावा, तो कोणी व कशाने मोजावा, याबद्दल एक अक्षरही नव्हते. स्ट्रेचर लिफ्टपाशी पोहोचले असताना सोबतच्या कर्मचाऱ्याने एक सिरिंज हातात दिली आणि रोज सकाळी थोडी हवा भरत जा, असे तोंडी सांगितले. थोडी म्हणजे किती, आणि आधीची हवा किती आहे हे न पाहता नवी का भरायची, हे विचारण्याइतकी माहितीच कुटुंबाजवळ नव्हती. विचारण्यासाठी आधी काहीतरी ठाऊक असावे लागते. ती सूचना घरी तंतोतंत पाळली गेली, कारण नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून आलेला शब्द गावात खोटा ठरवला जात नाही.

या फुग्यातील दाब साधारणपणे २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा लागतो. त्याहून कमी झाला तर लाळ फुप्फुसांकडे झिरपते. त्याहून वाढला तर श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी १९८४ मध्ये दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांत ३० सेंटिमीटरच्या वर हा रक्तपुरवठा घटतो आणि ५० च्या आसपास पार थांबतो, असे आढळले. रक्त न मिळालेले अस्तर सोलवटते, कूर्चा मऊ पडते, आणि पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी व्रण आक्रसून वाट अरुंद होते. श्वासनलिकेची मागची बाजू कूर्चेविना, मऊ असते व तिला लागूनच अन्ननलिका जाते. आहारासाठी नाकातून घातलेली नळी त्याच अन्ननलिकेत असली की मधली भिंत दोन्हीकडून चेपली जाते आणि क्वचित तिला छिद्रही पडते. नळीच्या बाहेर लोंबणारा छोटा फुगा, ज्याला पायलट बलून म्हणतात, तो बोटांनी दाबून दाब ओळखता येतो ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु अनुभवी हातही त्यात फसतात.

हे सारे कळले ते गावातल्या एका निवृत्त सिस्टरमुळे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाबा बोलतात का, हा. फुगलेल्या फुग्यामुळे हवा स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ओठ हलत आणि आवाज येत नसे; घरच्यांनी मात्र तो मेंदूच्या माराचा परिणाम मानला होता. “भाऊ, बोटाच्या अंदाजावर जाऊ नका,” असे म्हणून त्यांनी आधी भंडाऱ्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे केले. मग फुग्याच्या वर साठलेली लाळ आधी काढली नाही तर ती फुप्फुसांत उतरते म्हणून तोंड व घसा सक्शनने स्वच्छ केला, आणि हवा सावकाश ओढायला सुरुवात केली. १० मिलिलिटरची सिरिंज पूर्ण भरली, ती काढून रिकामी करून पुन्हा जोडावी लागली आणि दांडा तरीही मागे सरकत राहिला. मोठा खोकला आला, त्यानंतर घोगऱ्या आवाजात वडिलांनी रोवणी झाली का, असे विचारले.

पुढे दुर्बिणीच्या तपासणीत अस्तरावर लाल सोलवटलेले कडे दिसले आणि बिनफुग्याची नळी बसवण्यात आली. वॉर्डात एकेका सिस्टरवर कितीतरी खाटांचा भार असतो, तिथल्याच माणसांनी वडिलांचा जीव वाचवला, या विचाराने मनातला राग निवळला असे काही काळ वाटले. तो निवळलेला नाही. गोळ्यांच्या वेळा ज्या हाताने लिहिल्या, त्या हाताला आणखी एक ओळ जड जायला नको होती. आणि आज जिना चढताना वडिलांच्या श्वासाला जी बारीक शिट्टी ऐकू येते तिचे कारण तो फुगाच आहे की नळीची जखम, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

आणखी एक धोका लिहून ठेवणे भाग आहे, कारण तो चांगल्या हेतूनेच घडतो. रुग्णाला बोलता यावे म्हणून नळीच्या तोंडावर बोट किंवा टोपण ठेवले आणि आत फुगा फुगलेला असेल, तर श्वासाला दुसरी वाटच उरत नाही. बोलण्यासाठी लावतात त्या एकेरी झडपेतून हवा आत जाते, मात्र बाहेर पडू शकत नाही आणि रुग्ण काही मिनिटांत गुदमरतो. फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय हे कधीही करू नये. तसेच नळी जागेवर राहते ती मानेभोवतीच्या फितीने, फुग्याने नव्हे; म्हणून नळी निसटेल या भीतीने हवा वाढवू नये.

फुग्याचा दाब दाखवणारे, हातात मावेल एवढे मापक काही हजार रुपयांत मिळते, आणि ते तालुक्याच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात असायला हवे. तोवर ट्रॅकी असलेला रुग्ण घरी नेणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने कार्ड हाती घेण्यापूर्वी फुगा भरलेला आहे की रिकामा, भरलेला असल्यास का, आणि त्याचा दाब कोण कधी मोजणार, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावे, आणि लिहून मिळेपर्यंत लिफ्टकडे जाऊ नये.