बसण्याची जागा

डहाणू स्टेशनहून तलासरीकडे निघालेल्या जीपमध्ये बसताना सीटकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते जाते ती फाटल्यावर. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने तिचा लोखंडी सांगाडा गंजतो, उन्हाने रेक्झिन कडक होऊन चिरते आणि त्या चिरेतून पावसाचे पाणी शिरले की आतला फोम खराब होतो.

आमचा एक माजी विद्यार्थी तलासरीजवळ महामार्गालगत सीट बांधण्याचे काम करतो. विद्यालयाच्या गाडीच्या सीट त्याच्याकडे दिल्या तेव्हा दोन दिवस आम्ही त्याचे काम पाहत बसलो. त्याने जुने कव्हर फाडले नाही. शिवण उसवून तुकडे सुटे केले, प्रत्येकावर खडूने खूण केली आणि त्यांनाच नमुना मानून नवे रेक्झिन बेतले. वापराने ताणलेल्या तुकड्याची वाढ तेवढी वजा केली. सांगाड्याचा गंज घासून रेड ऑक्साइड लावले, तुटक्या स्प्रिंगा बदलल्या आणि त्यांवर गोणपाट ताणले, म्हणजे तार फोमला कापत नाही. फोम त्याने मुद्दाम घट्ट निवडला. मऊ फोम दुकानात सुखावतो, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर लवकर दबतो आणि प्रवाशाची कंबर धरते.

वाहनातील जागा हा आपल्या समाजाच्या इतिहासात किरकोळ विषय नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर बाल भीमराव व सोबतच्या मुलांना बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. १९२९ मध्ये चाळीसगावी टांगेवाल्यांनी बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनाही नेण्याचे नाकारले. मग सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला; अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. आज आमचा विद्यार्थी बांधतो त्या सीटवर कोण बसणार, हे कोणी विचारत नाही.

त्याला मात्र नातेवाईक अजून विचारतात, “नोकरी कधी लागणार?” गिऱ्हाईक रेक्झिनची किंमत निमूट देते आणि मजुरीवर घासाघीस करते. म्हणून तो बिलात सामान आणि मजुरी वेगळी लिहितो व मजुरीचा आकडा कमी करत नाही. हा हिशेबीपणा आणि हा ताठपणा त्याने याच विद्यालयात कमावला, असे आम्ही अभिमानाने मानतो.

पालकांना आमचे सांगणे एवढेच, की हाताने काम करणारा मुलगा शिक्षणात मागे पडला असे समजू नका. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या गाडीचे काम त्याच्याकडे न्याल तेव्हा मजुरी पूर्ण द्या.