उसवता येईल असा टाका

आईच्या इरकली लुगड्यांना कात्री लावायची नाही, या मतावर मी कित्येक वर्षं ठाम होते. जुन्या साड्यांच्या पिशव्या, जॅकेटं, उशांचे अभ्रे कुणी कौतुकानं दाखवले की मला वाईट वाटायचं. नऊवार म्हणजे अखंड वस्त्र. कापलं की संपलं, असं मी मानत होते. आता मी त्याच लुगड्यांचे कपडे हातानं शिवते.

मत हललं ते ट्रंकेपाशी. लुगडी जिवापाड जपली होती, पण एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं रेशीम त्या घडीवरच चिरतं. सुती अंग बऱ्यापैकी शाबूत आणि पदर मात्र रेषेत फाटलेला. नुसतं जपण्यानं कापड वाचत नाही, हे मला पटलं.

त्याच सुमारास जुन्या किमोनोच्या कापडातून कपडे शिवणाऱ्यांची रीत मी समजून घेतली. किमोनोचं कापड साधारण 36 सेंटिमीटर रुंद आणि 12 मीटर लांब. त्याचे काप सरळ असतात. अंग, बाह्या, गळपट्टी, सगळ्या पट्ट्याच. जास्तीचं कापड छाटत नाहीत, शिवणीत मुडपतात. टाके हाताचे असतात. पूर्वी धुण्यासाठी चांगला किमोनो पूर्ण उसवत, पट्ट्या धुऊन ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. या पद्धतीला ‘आराई-हारी’ म्हणतात. पुन्हा शिवताना विटलेला भाग आत घेता येई. मोठ्या माणसाचा किमोनो पुढे मुलाच्या अंगावर जाई, मग त्याची पिशवी होई आणि शेवटी पुसायचं फडकं. उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नसे, म्हणून तिथल्या शेतकरी बायका चिंध्यांवर चिंध्या जोडून ‘बोरो’ शिवत.

आपली वाकळ तरी वेगळं काय करते? विरलेल्या लुगड्यांचे थर, कडेला काठाच्या पट्ट्या आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. जुनं सुती कापड मऊ होतं म्हणून बाळाचं दुपटं आणि कुंचीही त्यातूनच होई. वाकळ म्हणजे गरज आणि लुगडं म्हणजे वारसा, अशी वाटणी मी मनाशी केली होती. कापड मात्र एकच होतं.

हातकणंगल्यात राहून जुन्या कापडाचा एवढा सोस कशाला, असं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. इचलकरंजी आमच्याच तालुक्यातली. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं यंत्रमाग आणला आणि आज कबनूर, कोरोचीपर्यंत मागांचा खडखडाट ऐकू येतो. अंग झाकायला नवं कापड इथं मुबलक आहे. पण इरकली लुगडं विणणारा इलकलचा विणकर अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासात फास अडकवून जोडतो. ही ‘टोपे-तेनी’ हाताची करामत आहे. एवढ्या मेहनतीचं कापड घडीवर कुजू देणं मला आता मान्य नाही.

माझ्या जुन्या मतातला एक भाग मात्र मी सोडलेला नाही. धड लुगडं नेसावं. ते कापू नये. विरलं, चिरलं, तेच कात्रीखाली घ्यावं. काप उभ्या-आडव्या धाग्याला धरून सरळ घ्यावा, काठ सलग ठेवावा, पदराच्या जोडावर कात्री चालवू नये. दोरा साधा सुती, कापडापेक्षा कच्चा असावा; ताण आला तर दोरा तुटावा, कापड नव्हे. मशीनचे बारीक टाके, ओव्हरलॉक आणि चिकटवलेलं कॅनव्हास यांना माझा विरोध याचसाठी आहे. विरलेल्या कापडातून ते काढू गेलं की कापडही सोबत फाटतं. हाताचा धावदोरा अलगद निघतो.

म्हणून मी सरळ कापांची बिनकॉलरची जॅकेटं शिवते, उरलेल्या पट्ट्यांचे बटवे करते आणि त्यातूनही उरलेलं वाकळेसाठी ठेवते. कात्री लावावी की नाही, हा वाद माझ्यापुरता मिटला आहे. आज मी शिवलेलं पुढच्या हाताला उसवता येईल का, हे मी प्रत्येक टाक्याला पाहते. तुमच्या घरातलं जुनं लुगडं शिंप्याकडे देण्याआधी त्यालाही एवढं जरूर विचारा.