पेट्रोलचा भाव कोण ठरवितो?

आम्ही मळमड्डीकर मंडळी मूळची पायी चालणारी. स्टेशन जवळ, शाळा जवळ, वाणसामानाची दुकाने हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पेट्रोलच्या भावाशी आपला काय संबंध, असे आमच्यापैकी कित्येकांस वाटत असे. परंतु ज्याच्या दारी वाहन नाही, त्याच्याही घरात पेट्रोल आणि डिझेल मागील दाराने शिरते. भाजी टेंपोतून येते, धान्य ट्रकातून येते, आणि लहान मुले रिक्षातून शाळेत जातात. इंधन महागले की रिक्षावाले मामा महिनाअखेर दाराशी उभे राहून संकोचाने म्हणतात, "अक्का, पुढल्या महिन्यापासून थोडं वाढवून द्यावं लागेल." त्यांचाही इलाज नसतो. मग एखाद्या घरात असा निवाडा होतो, की धाकटीने रिक्षाने जावे आणि थोरल्याने चालत. भाव वाढला याचा खरा अर्थ त्या थोरल्या मुलास सर्वांआधी कळतो.

हा भाव ठरवितो कोण? आमच्या वडील मंडळींचे उत्तर ठरलेले असे: "अरबांच्या विहिरी." ते खोटे नव्हते. आपला देश आपल्या गरजेपैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. 1973 साली तेल-उत्पादक राष्ट्रांनी हात आखडता घेतला, तेव्हा काही महिन्यांतच तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात श्री. अटलबिहारी वाजपेयी भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडीत बसून संसदेत गेले. पुढे 1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. 'बॉम्बे हाय'ने देशास मोठा आधार दिला. पण आपली तहान त्या विहिरींहून मोठी ठरली.

तथापि विहिरींकडे बोट दाखविल्याने हिशेब पुरा होत नाही. सरकारने 2010 साली पेट्रोलचे आणि 2014 साली डिझेलचे भाव बाजाराच्या हाती सोपविले. 2017 पासून तर ते रोजच्या रोज बदलावेत असे ठरले. जगात तेल महागले तर येथे महागावे आणि स्वस्त झाले तर येथेही स्वस्त व्हावे, हा त्यामागील न्याय. प्रत्यक्षात काय घडले? 2020 साली महामारीत जगभर तेलाचे भाव कोसळले; परंतु त्याच वेळी केंद्राने उत्पादनशुल्क वाढविले. एकट्या मे महिन्यात पेट्रोलवर लिटरमागे 10 रुपये आणि डिझेलवर 13 रुपये. स्वस्ताई समुद्र ओलांडून आली खरी, पण पंपापर्यंत पोहोचली नाही. उलट नोव्हेंबर 2021 पासून मार्च 2022 पर्यंत तेल जगात महागत असता आपल्याकडील रोज बदलणारा भाव साडेचार महिने जागचा हलला नाही. त्या काळात पाच राज्यांत निवडणुका होत्या. निकाल मार्चच्या 10 तारखेस लागले आणि 22 तारखेपासून भाव चढू लागले. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. वाचकांस तारखा पुरेशा आहेत.

आम्हां सीमाभागातील लोकांस तर हा धडा रस्त्यावरच मिळतो. आमचे निम्मे सोयरे कोल्हापूर-सांगलीकडचे. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने शुल्क घटविले, आणि कर्नाटकानेही आपल्या करात 7 रुपयांची सूट दिली. महाराष्ट्राने पेट्रोलवरील कर 5 रुपयांनी उतरविला तो जुलै 2022 मध्ये. मधल्या काळात आमचे पाहुणे परत जाताना निपाणीस टाकी भरून घेत आणि मगच कागलची वाट धरीत. पेट्रोल तेच, महामार्ग तोच. बदलली ती केवळ हद्द. त्यापूर्वी 2012 साली गोव्याने कर जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हा तेथील पेट्रोल सुमारे 11 रुपयांनी उतरले होते. वस्तू व सेवा कर 2017 साली आला, पण पेट्रोल व डिझेल त्याच्या बाहेरच राहिले. कारण या उत्पन्नावर पाणी सोडण्यास ना दिल्ली राजी, ना राज्ये.

मग कर म्हणजे निव्वळ लूट म्हणावी काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. 11 जून 2023 पासून आमच्या घरातील आई, आत्या, मावशी साध्या सरकारी बसमधून हुबळीस विनातिकीट जाऊ लागल्या. ज्या बायकांनी पूर्वी भाड्यापायी दवाखाना लांबणीवर टाकला, त्या आता वेळेवर जातात. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु जून 2024 मध्ये राज्याने विक्रीकर वाढविला आणि पेट्रोल लिटरमागे 3 रुपयांनी चढले. जानेवारी 2025 मध्ये बसभाडे 15 टक्क्यांनी वाढले. आईचे तिकीट वाचले, बाबांचे महागले. सरकारच्या एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने किती गेले, याचा हिशेब घरोघरी निराळा निघेल. ज्याच्या घरी मोटार आहे त्याचा एक, आणि ज्याचा मुलगा चालत शाळेत येतो त्याचा दुसरा.

विद्यार्थिमित्रांनो, तेलाच्या विहिरी आपल्या हाती नाहीत. पण करांचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत, त्यांना निवडून देणारे आपले आईवडील आहेत, आणि थोड्याच वर्षांत आपण असणार आहोत. म्हणून "महाग झाले हो!" असे म्हणून थांबू नये. माझ्या रुपयातील किती तेलास गेला, किती दिल्लीस, किती बंगळूरास, आणि त्यातून माझ्या गावास काय मिळाले, हे विचारण्याची सवय आजच लावून घ्यावी. गणिताच्या तासाला व्याजाची उदाहरणे आम्ही पुष्कळ सोडविली. एखाद्या दिवशी फळ्यावर हेही उदाहरण मांडले जावे, अशी आमची गुरुजनांस नम्र विनंती आहे.