ताण आणि बहार

मार्चमध्ये बेंगळुरूला आलात, तर कितीतरी रस्त्यांवर गुलाबी फुलांचा सडा पडलेला दिसेल. ही टॅबेबुयाची झाडं. मूळची अमेरिका खंडातली, पण आता या शहराचीच झालेली. जरा वर बघा. फांद्यांवर पानं जवळजवळ नाहीतच. पाऊस थांबून बरेच दिवस झालेत आणि झाड मात्र फुलांनी भरून गेलंय!

लालबागेत हे निवांत पाहता येतं. ही बाग हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केली. १९०८ मध्ये गुस्टाव क्रुंबिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ इथे आले. त्याआधी ते बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या बागा सांभाळत होते. एका जातीचा बहर संपला की दुसरीचा सुरू व्हावा, म्हणजे शहरात वर्षभर कुठे ना कुठे फुलं असतील, असा विचार करून त्यांनी झाडं निवडली. म्हणून कोरड्या महिन्यांतही इथे रंग दिसतो.

तुमच्या गच्चीत बोगनवेल असेल, तर तुम्हीही हे अनुभवलं असेल. तिला रोज भरपूर पाणी घातलं की पानंच पानं येतात. माती थोडी वाळू दिली की ती फुलते. आपले डाळिंबवाले शेतकरी याला ‘ताण देणं’ म्हणतात. ते बागेचं पाणी काही आठवडे बंद ठेवतात. पानं गळतात, बाग उजाड दिसते. मग पाणी सोडून ताण तोडतात आणि बहार धरतो.

बायबलमध्ये याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात असाच विचार आहे. विश्वासाची पारख होते तेव्हा माणसात धीर निर्माण होतो, असं तो सांगतो. तुमची नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, परक्या शहरात एकटं वाटत असेल, तर उजाड दिसणारा हा काळ म्हणजे शेवट नव्हे, हे लक्षात ठेवा.

पण शेतकऱ्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो सगळ्या बागांना सारखा ताण देत नाही. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. कोवळ्या रोपांना तर देतच नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात पौलही हेच आश्वासन देतो: देव आपल्या शक्तीपलीकडे आपली परीक्षा होऊ देत नाही, तो त्यातून वाटही काढून देतो.

आता दुसरी बाजू पाहा. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाण्याची मोठी टंचाई झाली. बोअरवेल आटल्या. पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी आली आणि नियम मोडल्यास ५,००० रुपये दंड ठरला. अशा उन्हाळ्यात बोगनवेल फुलते, पण शेजारच्या कुंडीतलं टोमॅटोचं रोप पाण्यावाचून माना टाकतं. ऊन तेच, पण रोपं वेगळी. टोमॅटोला तेव्हा धीराचे बोल नकोत, भाजी धुतलेलं तांब्याभर पाणी हवं.

म्हणून दुःखात असलेल्या माणसाला “यातून तुझं भलंच होईल” असं सांगायची घाई करू नका. त्याची मुळं किती खोल गेली आहेत, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६व्या अध्यायात सांगितलं आहे. डबा पोचवा, दवाखान्यात सोबत जा, मुलांना दोन तास सांभाळा. आणि तुमच्यावरच ताण आला असेल, तर मदत मागायला लाजू नका. देव कधीकधी शेजाऱ्याच्या हातूनच पाणी घालतो.

या आठवड्यात कुंड्यांना पाणी घालताना मुलांना विचारा: कोणतं रोप वाळलेल्या मातीत फुललंय आणि कोणाला आजच पाणी हवंय? मग आपल्या ओळखीत असं कोण आहे, तेही मिळून आठवा.