विसार देण्यापूर्वी

व्यापारी माणूस माल पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. पोत्यातला मूठभर दाणा तळहातावर घेऊन पारखणारे आपण, घर घेताना मात्र आयुष्यभराची पुंजी एका दुपारच्या भेटीत गुंतवून बसतो. मावळात तर ही घाई अधिकच. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुण्यातील नोकरदार, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतील अधिकारी, लोणावळ्यात दुसरे घर शोधणारा मुंबईकर आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच दुकान चालविणारा व्यापारी असे चौघेही एकाच दाराशी येऊन उभे राहिले.

तळेगावातील आमच्या घरमालकांना मुलाच्या लग्नासाठी दिवाळीपर्यंत घर रिकामे हवे होते. मागणी रास्त होती. आम्ही दोघे भाऊ, आमचे संसार आणि गुडघ्यांनी थकलेली आई, अशा आठ माणसांसाठी शोध सुरू झाला.

कामशेतजवळचे पहिले घर सर्वांच्या मनात भरले. मध्यस्थ म्हणाला, "मुंबईचे पाहुणे चार वाजता येणार आहेत. विसार आत्ताच द्या." दादांनी सातबारा, फेरफार आणि अकृषिक परवानगीचा आदेश मागितला. कागद उद्यावर गेले. घर त्याच संध्याकाळी गेले. मुले हिरमुसली. आई एवढेच म्हणाली, "गेले ते आपले नव्हते."

लोणावळ्यात बंगल्यासाठी एक भूखंड स्वस्तात मिळत होता. सातबारा पाहिला, तर जमीन शेतीची आणि नावे अनेकांची. १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. "सगळेच घेतात," या उत्तरावर आम्ही निरोप घेतला.

दिवाळी आली. सामान गुदामात ठेवून आठ माणसे दोन खोल्यांत राहिलो. सावधपणाचीही किंमत मोजावी लागते. ती आईच्या गुडघ्यांनी आणि मुलांच्या अभ्यासाने मोजली.

वडगावातील तिसऱ्या ठिकाणी प्रकल्पाची महारेरा नोंदणी होती. बांधकाम व्यावसायिकाने करारापूर्वीच किमतीचा पाचवा हिस्सा मागितला. स्थावर संपदा अधिनियमानुसार करारनामा नोंदविल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे दादांनी शांतपणे सांगितले. दोन दिवसांनी त्यांनी मान्य केले. वकिलांकडून ३० वर्षांचा मालकीहक्क तपासून घेतला, मगच धनादेश दिला. हवी होती त्यापेक्षा एक खोली कमी मिळाली. पण कागद स्वच्छ होता.

आणखी एक गोष्ट या तालुक्यात विशेष पाहावी. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी वैशाखात अनेक वसाहतींत टँकर येतात. म्हणून घर आषाढात गळतीसाठी आणि वैशाखात नळासाठी, असे दोनदा पाहावे. ते शक्य नसेल, तर तेथे राहणाऱ्या गृहिणीला विचारावे. मावळातीलच पाले येथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी शिलालेखात, लेण्याबरोबर पाण्याची पोढीही करविल्याची नोंद आहे. निवारा देणाऱ्याने पाण्याचा विचार आधी केला होता.

बाजार घाई करणारच. तो त्याचा धर्म. ज्या विक्रेत्याला कागद दाखविण्यासाठी एक दिवसही थांबवत नाही, त्याच्याकडून आपण पावशेर जिरेही घेणार नाही. मग घर का घ्यावे?