मस्टँगचं म्हातारपण
मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली पांढऱ्या केसांची खूण: अमेरिकी सरकारने पकडलेल्या मस्टँगची ही ओळख. 1971च्या कायद्याने या रानघोड्यांना संरक्षण दिलं; माळरानं अपुरी पडतात म्हणून पकडतंही तेच सरकार. मग म्हातारपणी जायचं कुठे?

‘स्पिरिट’ चित्रपटाचा नायक ज्याच्यावरून रेखाटला, तो किगर जातीचा मस्टँग नशीबवान. 2002मध्ये त्याला कॅलिफोर्नियातल्या ‘रिटर्न टू फ्रीडम’ या घोड्यांच्या अभयारण्यात आसरा मिळाला. सगळ्यांना सिनेमा मिळत नाही.

म्हाताऱ्या मस्टँगसाठी जागा शोधणारे हिरव्यागार कुरणाला भुलतात आणि तिथेच फसतात. रुक्ष गवतावर पोसलेल्या जनावराला लुसलुशीत, जास्त साखर असलेला चारा बाधतो; खुरांना सूज येऊन ते लंगडू लागतं. त्यापेक्षा कोरडा माळ बरा. दात झिजले की भिजवलेला चारा लागतो, आणि सोबतीला दुसरा घोडा हवाच. तबेल्याच्या रंगरंगोटीची चौकशी सगळ्यात शेवटी केली तरी चालते.